अनुराधेची एक घटका

खट् करून मुखवट्यांच्या पेटीचा कोयंडा वाजला आणि घरावर पसरलेली दुपार मोडली. मैनेची पापणी हलली. मी थोपटणारा हात तसाच धरून थांबले, श्वाससुद्धा जपून घेतला. ही पोरगी दुपारी झोपते ती घटकाभर, आणि दिवसातली तेवढीच घटका माझी. तिने झोपेतच ओठ चोखल्यासारखे केले, कूस बदलली आणि पुन्हा गाढ झाली.

पेटी उघडली ती जाऊबाईंनी. अन्नपूर्णाबाई, माझ्या थोरल्या जाऊ. सासूबाई गेल्यापासून घर त्यांच्या हाताखाली आहे आणि महालक्ष्म्याही त्यांच्याच. आवाहन परवावर आलं होतं. त्या ओसरीवर बसून पितळेच्या मुखवट्यांना चिंच लावत होत्या. मी बाहेर आले तशा, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या की उद्या सकाळी छकडा जुंपायला सांगितला आहे, मैनेला मेहकरला तुझ्या माहेरी धाडायचं. मी विचारलं, किती दिवस? थोरलीच्या मुखवट्याच्या नाकपुडीतलं काळं त्या काडीने कोरून काढत होत्या. ते निघाल्यावर बोलल्या.

"लगन होयेपर्यंत."

मैना चार वर्षांची आहे.

कारण मला विचारावं लागलं नाही. आतल्या खोलीत कोकिळा कण्हत होती. कोकिळा ही जाऊबाईंची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची, आणि तिला दिवसाआड हिवताप भरत होता. आता भादव्यात आमच्या जानेफळात हिवताप कोणाला येत नाही? शाळेत निम्मी पोरं गैरहजर. चावडीवरचा कोतवाल घोंगडी पांघरून हजेरी देतो. सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या आल्या त्या तीन दिवसांत संपल्या. ह्या सगळ्यांची धाकटी बहीण काय माझी मैनाच आहे? पण हे मी मनात म्हणते. तोंडाने म्हणायचं तर जाऊबाईंचं उत्तर तयार असतं, की गावाचं गावानं पाहावं, माही पोरगी मले एकच हाये.

झालं होतं असं की मैनेच्या पत्रिकेत ज्येष्ठा नक्षत्र निघालं होतं, पहिला चरण. मेहकरचे नारायणराव जोशी, ज्यांनी आमच्या घरच्या सगळ्या पत्रिका केल्या, त्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं, तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला. ज्येष्ठेच्या पहिल्या चरणावरचं मूल थोरल्या भावंडाला भारी. मैनेच्या आधीचं थोरलं कोणी नाही, ती माझी पहिलीच. मग तो भार घरभर हिंडला आणि चुलत बहिणीवर जाऊन बसला.

शांत केली होती. सत्ताविसाव्या दिवशी ज्येष्ठा पुन्हा आली तेव्हा केली. बापाने पोरीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते काशाच्या वाटीतल्या तेलात. सत्तावीस विहिरींचं पाणी लागत होतं, तेही आणलं. पुढच्याच पावसाळ्यात कोकिळेला ताप आला तेव्हा जाऊबाईंनी हिशोब काढला की त्यातल्या दोन विहिरी एकाच झऱ्याच्या, म्हणजे विहिरी सव्वीसच भरल्या, म्हणजे शांत लागली नाही. यावर माणसाने काय बोलावं?

तेव्हापासून एका ताटात जेवायचं नाही. मैनेने कोकिळेच्या वेणीला हात लावायचा नाही. दोघी एका खाटेवर बसल्या की जाऊबाईंना कुठूनतरी दिसतंच. पोरी मात्र पोरीच. कोकिळा गूळ फोडला की अर्धा खडा चोळीच्या गाठीत ठेवते आणि गोठ्यामागे मैनेच्या तोंडात कोंबते. मला ठाऊक आहे, कारण मैनेच्या गालाला त्या गुळाचा वास येतो.

आणि मला सगळ्यात जास्त वैताग याचा येतो की हे सगळं ज्या घरात चालतं तिथे भादव्यात दोन बहिणीच आणून बसवतात. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा. अनुराधेवर आणायच्या, ज्येष्ठेवर जेवू घालायच्या, मुळावर पाठवायच्या. ज्येष्ठा लागली म्हणून सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर फुलोरा. आणि त्याच ज्येष्ठेवर एक पोरगी आली तर तिचं गाठोडं.

ज्येष्ठा म्हणजे काय ते मैनेने मला गेल्या महिन्यात विचारलं होतं. तिला वाटत होतं, ती घोड्यावर बसावं तशी कशावर तरी बसून आली. "ज्येष्ठेवरची म्हंजे, मी वर बसली होती काय?" मी तिला कडेवर घेऊन अंगणात नेलं. दिवेलागणी होऊन गेली होती, ढग थोडे फाटले होते. दक्षिणेकडे विंचू असतो आकाशात, त्याच्या काळजाच्या जागी तीन चांदण्या ओळीत, मधली तांबडी. म्हटलं, ती बघ, ती ज्येष्ठा, ती तुझी.

मग तिला गोष्ट सांगावीच लागली. देवांनी समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली, तांबड्या डोळ्यांची, तांबड्या लुगड्याची. तिला पाहून सगळे मागे सरले. मग लक्ष्मी आली आणि सगळे पुढे झाले. पण लक्ष्मी म्हणाली, आधी माझ्या थोरलीचं लग्न, मग माझं. तेव्हा एका ऋषीला धरून आणलं, थोरलीला त्याच्या पदरी घातलं. तो तिला एका पिंपळाखाली बसवून, इथेच थांब, आलोच, म्हणून गेला तो आलाच नाही. पोथीत एवढंच आहे. पण चार वर्षांच्या पोरीला असं पिंपळाखाली सोडून कसं चालेल? म्हणून पुढचं मी लावलं. म्हटलं, मग भादव्यात धाकटी तिला घ्यायला येते, हाताला धरते आणि दोघी मिळून आपल्या घरी जेवायला येतात.

तेव्हापासून आभाळ दिसलं की मैना मान वर करते. माही चांदनी, म्हणते. कोकिळेला दाखवते. कोकिळा म्हणते, मले बी अर्धी दे. मैना देते.

तर ते गाठोडं मी त्या दुपारी बांधायला घेतलं. दोन परकर, एक झबलं आखूड झालेलं, लाकडी बैल. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक भगवानराव, ओसरीवरून एकदा म्हणाले की लेकरू लहान आहे, आणि जाऊबाईंनी नुसतं वर पाहिलं तर ते पायात जोडे घालून शेताकडे गेले. घरात मोठ्या आवाजाचे ते एकटे, आणि त्या आवाजाचा उपयोग एवढाच.

तेवढ्यात सरवरीबी आली. सरवरीबी आमच्या गावची सुईण, मैनेला तिनेच धरलं. ईद होऊन पाच दिवस झाले होते, दरवर्षीप्रमाणे कोरड्या शेवया घेऊन आली होती. ओसरीच्या पायरीवर टेकली, गाठोडं पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि विचारलं की पोर कुठी चालली? मी सांगितलं. तिला ज्येष्ठा वगैरे सांगून काही उपयोग नव्हता, पण मला कोणालातरी सांगायचंच होतं, म्हणून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखूची पिंक टाकून आली.

"तुमची ज्येष्ठा मले नाई मालूम. पन ही पोरगी माह्या रोज्यावर पडली हे मालूम हाये."

मी म्हटलं, रोज्यावर म्हणजे?

मग तिने सांगितलं. ते रमजानचे दिवस होते, पाचवा का सहावा रोजा. दुपारपासून ती माझ्यापाशी होती, घशात थुंकी नव्हती. पोर बाहेर आली, नाळ बांधली, पोर पुसून माझ्या कुशीत दिली, हात धुतले, तेव्हा मशिदीत मगरिबची बांग सुरू झाली. दिवस मावळला की जी होते ती. पदराला खजूर बांधलेलं होतं ते तोंडात टाकलं. पाणी जाऊबाईंनी वरून ओंजळीत ओतलं. "त्या पान्याची चव मरेपर्यंत ध्यानात राहीन," म्हणाली. दिवे लागायचे होते, विहिरीवरचा पोहरा दिसत होता एवढा उजेड होता. आणि इथून निघाली ती थेट शकूरभाईच्या घरी, तिथे सायरा झाली, ती मात्र अंधारात, रात्रीच्या इशाच्या नमाजाच्या सुमाराला.

शकूर आमच्या मागल्या गल्लीतला पिंजारी. त्याची सायरा मैनेच्या वयाची आहे हे मला ठाऊक होतं, एकाच दिवसाची आहे हे नव्हतं.

मी उठले. ट्रंकेतून मैनेची पत्रिका काढली. माझं शिक्षण चौथी इयत्ता, पण आकडे वाचता येतात. त्या दिवसाचं दिनमान साडेतीस घटका, म्हणजे उगवल्यापासून साडेतीस घटकांनी दिवस मावळला. जन्म लिहिला होता तेहतीस घटकांवर. दिवस मावळल्यावर अडीच घटकांनी. अडीच घटका म्हणजे चांगला एक तास. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. एक तास.

आणि मग मला लढाईचं घड्याळ आठवलं.

मैना झाली त्या भादव्याच्या जरा आधी सरकारचा हुकूम आला होता, की लढाई चालू आहे, सगळ्यांनी घड्याळं तासभर पुढे करावीत. जानेफळात घड्याळं दोनच, एक शाळेचं आणि एक ह्यांचं, कारण हे शाळेत मास्तर. ह्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही पुढे केली. गाव हसलं. कोंबडा सहाला आरवायचा तो सातला आरवू लागला, बायका म्हणायच्या, मास्तरनं कोंबड्याले बी उशीर करून ठेवला. लढाई संपली, गेल्या वर्षी घड्याळं पुन्हा मागे आली, आणि सगळे विसरून गेले.

संध्याकाळी हे घरी आले. मी विचारलं, मैनेची वेळ जोशांना किती लिहून दिली होती? म्हणाले, सात वाजून वीस मिनिटं. मी विचारलं, ती नवी वेळ की जुनी? ह्यांनी टोपी खुंटीला लावली, पुन्हा काढली, झटकली, पुन्हा लावली. म्हणाले, मी नेहमी बरोबरच वेळ लिहितो. म्हटलं, बरोबर म्हणजे कोणती? तर म्हणाले की सरकारी वेळ हीच बरोबर वेळ, तास वजा करायचं काम जोशांचं, त्यांना हुकूम ठाऊक नव्हता काय? आणि थोड्या वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, म्हणाले की मला वाटतं मी वजा करूनच लिहिलं होतं.

मी कपाळाला हात लावला. तीन वर्षं ही पोरगी वेगळ्या ताटात जेवली आणि ह्यांना वाटतं.

मी जाऊबाईंपाशी गेले आणि म्हटलं, छकडा उद्या जाऊ द्या मेहकरला, पण मैना नको, हे जातील. जोशांना घेऊन येतील, त्या सालचं पंचांग घेऊन. जोशांनी परवा सांगितलं की पोरगी ज्येष्ठेवरची, तर मी स्वतः तिला कडेवर घेऊन चालत मेहकरला जाईन. जाऊबाईंनी बराच वेळ मुखवट्यावरून फडकं फिरवलं. मग म्हणाल्या, येऊ दे.

गाठोडं मात्र सोडू नको म्हणाल्या. ते तसंच खुंटीला राहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागता लागता छकडा परत आला. नारायणराव जोशी उतरले ते कंबर धरून. रात्री कोणी विषय काढला नाही. आवाहनाच्या दिवशी सकाळी, त्यांची अंघोळ-संध्या आटोपून दूध घेऊन झाल्यावर, ओसरीवर पंचांग उघडलं गेलं. भासरे खांबाला टेकून, हे त्यांच्या बाजूला, जाऊबाई दाराच्या आत, मी त्यांच्या मागे डोक्यावरून पदर घेऊन. मैना माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत शिरून उभी. सरवरीबीला मी सांगून ठेवलं होतं, ती पायरीवर होती.

जोशांनी चष्मा पुसला, आकडा काढला. त्या दिवशी अनुराधा साडेएकतीस घटका, नंतर ज्येष्ठा. म्हणजे दिवस मावळल्यावर अनुराधेची एक घटका उरली होती. एवढीशी फट. तिच्या अलीकडे पोर झाली असेल तर ती कोणालाच भारी नाही, पलीकडे झाली असेल तर तिचं गाठोडं.

मग तासाचा विषय निघाला आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. जोशी म्हणाले, आलेल्या वेळेतून मी त्या काळात तास वजा करतच होतो, मेहकरात शंभर पत्रिका केल्या. हे म्हणाले, मीही वजा केलाच होता बहुतेक. जोशी म्हणाले, दोघांनी केला असेल तर जन्म दिवस मावळायच्या आधीच, उन्हात येतो. भासरे म्हणाले, उन्हात तर नव्हती झाली, मी त्या वेळी बैल सोडून आलो होतो. जोशी म्हणाले, मग एकाच कोणीतरी केला असेल. हे म्हणाले, मग तो मी. जोशी म्हणाले, मीच. दोन शहाणे पुरुष एका तासाला दोन टोकांनी धरून बसले, आणि कागदावर सात-वीसच्याच तेहतीस घटका स्वच्छ लिहिलेल्या, म्हणजे कोणीच केला नव्हता हे पाटीवर बेरीज करणाऱ्या पोराला कळलं असतं.

सरवरीबीने पायरीवरून आपली हकिगत सांगितली, रोज्याची, बांगेची, पाण्याची. जोशी ऐकून हसले. म्हणाले, बाई, तुझ्या रोज्यावरून मी कुंडली फिरवू काय? सरवरीबी म्हणाली, महाराज, तुमच्या घड्याळानं फिरवलीच ना, माह्या रोज्याले तर दिवस मावळलेला लागते, तो काही सरकारनं पुढं नाई केला.

भासरे फसकन हसले आणि जाऊबाईंकडे पाहून गप्प झाले.

जोशी कागदावर बोट ठेवून म्हणाले की घरातलं माणूस सांगेल तर गोष्ट वेगळी. सगळे जाऊबाईंकडे बघू लागले. पाणी त्यांनी ओतलं होतं. त्या दाराच्या चौकटीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ओतलं पाणी, पन मी काय आभाळाकडे पाहून ओतलं? चार सालं झाली.

मला कळलं की हे इथेच विरणार. उद्या कोकिळेला पुन्हा हुडहुडी भरेल आणि छकडा पुन्हा जुंपला जाईल. मी भासऱ्यांसमोर कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले, जाऊबाईंना उद्देशून, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मैना झाली तेव्हाची जी गोष्ट त्या सगळ्या आळीला सांगतात, तीच मी त्यांना आठवून दिली. मी दिवस भरायच्या आधी अडले म्हणून माहेरी जाता आलं नाही. त्या दिवशी आवाहन होतं. जाऊबाई थोरलीचा मुखवटा ताटात घेऊन तुळशीपाशी उभ्या होत्या, उंबऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढून झाली होती, आणि आतून पोर रडली. घराला सोयर लागलं. महालक्ष्म्या तुळशीवरूनच पेटीत परत गेल्या, त्या वर्षी बसल्याच नाहीत. हा राग त्यांनी माझ्यावर चार वर्षं धरला आहे आणि खरं सांगते, तो राग मला कधी खोटा वाटला नाही. दोन महिने खपून माणूस सगळं जमवतं आणि एक पोर टँहां करतं.

"बाई," मी म्हटलं, "तुमी तुळशीपाशी मुखवटा घेऊन उभ्या होत्या तवा कोनतं नक्षत्र होतं?"

"अनुराधा," त्या लगेच म्हणाल्या. "अनुराधा टळल्यावर मी महालक्ष्म्या आनीन? या घरात? सासूबाईच्या हाताखाली शिकली मी."

जाऊबाईंच्या तोंडावर ते हळूहळू उमटलं, म्हशींच्या डबक्यात दगड टाकल्यावर कडेला लाट पोचते तसं. जोशांच्या कागदाप्रमाणे पोर झाली तेव्हा अनुराधा टळून दीड घटका झाली होती. म्हणजे एकतर पोरगी अनुराधेची, नाहीतर अन्नपूर्णाबाई देशमुख अंधारात, ज्येष्ठा लागल्यावर, महालक्ष्म्या घेऊन निघाल्या होत्या. दोन्हींतलं एक त्यांना निवडायचं होतं, आणि दुसरं त्या मेल्या तरी निवडणार नव्हत्या.

त्या जोशांना म्हणाल्या, "मांडा. पोरगी अनुराधेची."

मग आत गेल्या. खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, पण माझ्याकडे न बघता. "ते झबलं आखूड झालं हाये," म्हणाल्या. "कोकिळेचं काढून देतो." आणि चुलीकडे वळल्या. एवढंच.

जोशांनी पत्रिका दुरुस्त केली. उठता उठता त्यांना आठवलं की अनुराधेच्या मुलीवर ज्येष्ठेची शांत झाली आहे, तेव्हा चुकून झालेल्या शांतीची एक लहानशी शांत करून घेतलेली बरी. मी पदरात तोंड लपवलं, हसू येतंय की रडू ते मलाच कळेना. हे छकड्यापर्यंत जोशांना पोचवून आले आणि म्हणाले, मी म्हणतच होतो, तासाची काहीतरी गडबड असणार. मी आंबिलीसाठी ज्वारीच्या कण्या निवडत होते. एकही कणी फेकून मारली नाही.

दुपारी जाऊबाईंनी ताट वाढलं. कोकिळेचा ताप उतरला होता, तिला मऊ भात दिला. मग मैनेला हाक मारली आणि त्याच ताटाला बसवलं. पोरी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या, हात घालायला धजेनात, जणू ताट कोणी ओढून घेईल. मग कोकिळेने वरणाचा घास मैनेच्या तोंडापाशी नेला. मी मागल्या दारी गेले. तिथे पिंजाऱ्याच्या वाड्याची भिंत आहे, ती बुटकी. पलीकडे सायरा, अंधार पडल्यावर म्हणजे खरी ज्येष्ठेवर झालेली, तिच्या तीन थोरल्या भावांच्या मागे धावत होती. तिघेही बैलासारखे धट्टेकट्टे. तिघांना मिळून तिने एका काठीने हाकलत नेलं. मी तिच्याकडे जास्त वेळ बघितलं नाही.

मला जे म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. मला म्हणायचं होतं की पोरगी ज्येष्ठेवरची असती तरी मी पाठवली नसती. ते मी ओसरीवर म्हटलं नाही. घटका मोजून जिंकले आणि गप्प बसले.

संध्याकाळी आवाहन झालं, अनुराधेवर, वेळेच्या कितीतरी आधी. जाऊबाईंनी थोरलीचा मुखवटा घेतला, मी धाकटीचा. तुळशीपासून कुंकवाच्या पावलांवरून आम्ही दोघी चालत आलो, मागे पोरींनी ताटली वाजवली. उंबऱ्याशी भासऱ्यांनी विचारलं, महालक्ष्म्या कशाच्या पावलानं आल्या? जाऊबाई म्हणाल्या, लेकीबाळींच्या पावलानं. दरवर्षी त्या सोन्याच्या म्हणतात.

मुखवटे बसवून झाल्यावर मी मैनेला घेऊन अंगणात आले. नुकताच अंधार पडत होता. दक्षिणेकडचं आभाळ धुतल्यासारखं निघालं होतं. अर्धा चंद्र, आणि त्याच्या डाव्या अंगाला, जरा खाली, ती तांबडी. कोकिळा घोंगडी पांघरून आमच्या मागोमाग आली आणि मैनेला खेटून उभी राहिली. मैनेने सवयीने बोट वर केलं. माही चांदनी, म्हणाली.

कोकिळा म्हणाली, आता ते तुही नाई, आई सांगत होती, तुही चंद्राजवळची, अनुराधा का काय ते. तुहं बदललं.

मैनेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो बाळा, बदललं. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने अनुराधेच्या बारक्या चांदण्या शोधायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. चंद्राच्या उजेडात त्या दिसतही नव्हत्या. ती तांबडीकडेच बघत होती, पिंपळाखालच्या त्या बाईकडे बघावं तशी. मागल्या गल्लीतून सायराला कोणीतरी घरात बोलवत होतं, ती हो-हो म्हणत येत नव्हती.

मैनेने माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवली.

"आई, मंग ते आता कोनाची?"